विश्लेषण : विश्वस्त म्हणून लोकमान्य टिळकांना १९ वर्षे कोर्टात का झगडावे लागले? काय होते ताईमहाराज प्रकरण?

लोकमान्य टिळकांचे खटले म्हटले की १८९७ आणि १९०८ हे राजद्रोहाचे दोन खटले डोळ्यांपुढे येतात. मात्र त्यांच्या आयुष्यात सर्वाधिक काळ चाललेला खटला राजकीय नव्हता. तो एका घरगुती इस्टेटीचा होता आणि टिळक त्यात विश्वस्त म्हणून उभे होते. १९०१ मध्ये सुरू झालेल्या या वादात त्यांना खोट्या साक्षीच्या आरोपाखाली शिक्षा झाली, येरवड्याचा तुरुंग पाहावा लागला आणि थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जावे लागले. इस्टेटीतला एक रुपयाही त्यांना मिळणार नव्हता. मग प्रश्न नेमका काय होता? विश्वस्ताला कोर्टात आपला अधिकार कसा सिद्ध करावा लागतो? आणि या प्रकरणातील कायद्याचे मुद्दे आजही का महत्त्वाचे आहेत?

टिळकांना कायदा किती ठाऊक होता?

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि १८७९ मध्ये त्यांनी एलएल.बी. पूर्ण केले. सनद घेऊन वकिली करण्याऐवजी त्यांनी शिक्षणाचा मार्ग धरला. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ सुरू झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि फर्ग्युसन कॉलेजच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. सहकाऱ्यांशी मतभेद झाल्याने १८९० मध्ये ते सोसायटीतून बाहेर पडले. पुण्यात त्यांनी कायद्याचा वर्गही चालवला.

कोर्टाची पायरीही त्यांनी लवकर चढली होती. कोल्हापूरच्या कारभारावरील लिखाणामुळे १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना बदनामीच्या खटल्यात शिक्षा झाली. दोघांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले. म्हणजे कायदा त्यांनी पुस्तकातून शिकला होता आणि आरोपीच्या पिंजऱ्यातूनही पाहिला होता. तरीही विश्वस्त म्हणून पुढे काय वाढून ठेवले आहे, याचा अंदाज १८९७ मध्ये त्यांना आला नसावा.

बाबामहाराज कोण होते आणि त्यांनी टिळकांनाच का बोलावले?

वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे पुण्यातील पहिल्या दर्जाचे सरदार. टिळकांचे ते स्नेही होते. घराण्याची इस्टेट मोठी होती, पण तिच्यावर कर्जही होते. कोल्हापूर संस्थानातही या घराण्याची मालमत्ता होती.

१८९७ चा तो उन्हाळा आणि पावसाळा पुण्यासाठी भयंकर होता. प्लेगची साथ, घरझडतीचा जाच आणि २२ जूनला झालेला रँडवरील हल्ला यांनी शहर हादरले होते. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटक झाली. ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला. टिळक पुण्याला परतले, तोच बाबामहाराज कॉलऱ्याने अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला.

७ ऑगस्ट १८९७ रोजी बाबामहाराजांनी मृत्युपत्र केले आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. मृत्युपत्राची अंमलबजावणी आणि इस्टेटीची व्यवस्था ज्यांच्याकडे सोपवली, त्यांत टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, कुंभोजकर आणि नागपूरकर यांचा समावेश होता. स्वतःच्या डोक्यावर राजद्रोहाचा खटला असताना टिळकांनी ही जबाबदारी स्वीकारली. सुमारे सव्वा महिन्यात, १४ सप्टेंबरला त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली.

मृत्युपत्रात कळीची अट कोणती होती?

बाबामहाराजांच्या पत्नी सकवारबाई ऊर्फ ताईमहाराज त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा झाला तर तोच वारस, हे उघड होते. मुलगा झाला नाही किंवा तो अल्पायुषी ठरला, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असे मृत्युपत्रात होते. दत्तक मुलगा सज्ञान होईपर्यंत इस्टेटीचा कारभार विश्वस्तांनी पाहायचा होता.

१८ जानेवारी १८९८ रोजी ताईमहाराजांना मुलगा झाला. अवघ्या दोन महिन्यांत, ९ मार्चला तो दगावला. टिळक तेव्हा तुरुंगात होते. सप्टेंबर १८९८ मध्ये ते सुटले आणि इस्टेटीच्या कामाला लागले. कर्ज फेडायचे तर खर्चाला कात्री लावणे भाग होते. इथूनच वाड्यात नाराजी वाढू लागली. ताईमहाराज तरुण विधवा होत्या. नवरा गेला, तान्हे मूल गेले आणि घरचा पैसा कसा खर्च व्हावा हे बाहेरचे पुरुष ठरवत होते. कारभार पाहणारे नागपूरकर हे स्वतः विश्वस्त असूनही पुढे ताईमहाराजांच्या बाजूने गेले.

वादाची ठिणगी कशी पडली?

जून १९०१ मध्ये दत्तकाचा निर्णय झाला. पंडित घराण्याच्या निधोणे शाखेतील मुलगा घ्यायचे ठरले. ताईमहाराज, टिळक आणि खापर्डे औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) गेले. हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे काही मुले पाहिल्यानंतर जगन्नाथ या मुलाची निवड झाली आणि २८ जून १९०१ रोजी दत्तविधान झाले, असे टिळकांचे म्हणणे होते.

मंडळी पुण्याला परतल्यावर चित्र पालटले. ताईमहाराजांनी औरंगाबादचे दत्तक नाकारले. २९ जुलैला त्यांनी पुण्याच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करून विश्वस्तांना मिळालेले प्रोबेट रद्द करण्याची मागणी केली. १९ ऑगस्टला त्यांनी कोल्हापुरात बाळामहाराज म्हणजे श्रीनिवास पंडित यांना दत्तक घेतले. या दत्तकाला कोल्हापूर दरबारची मान्यता होती. आता एका घराण्याला दोन दत्तक पुत्र झाले. हिंदू कायद्यानुसार पहिले दत्तक खरे असेल तर दुसरे टिकत नाही, कारण एकदा झालेले दत्तविधान मागे घेता येत नाही. त्यामुळे औरंगाबादला त्या सकाळी काय घडले, हाच सगळ्या वादाचा गाभा ठरला.

प्रोबेट म्हणजे काय? ते रद्द करण्याची मागणी का झाली?

मृत्युपत्रात नाव असणे ही पहिली पायरी. ते मृत्युपत्र खरे आहे, ते करणारा शुद्धीवर होता आणि त्यात ज्यांची नावे आहेत त्यांनाच कारभाराचा अधिकार आहे, यावर कोर्टाने उमटवलेली मोहोर म्हणजे प्रोबेट. ते हातात असले की बँक, कुळे, कर्जदार आणि इतर कोर्टे यांच्यासमोर अधिकाराचा पुरावा म्हणून तेवढे पुरते. ते गेले तर विश्वस्ताच्या पायाखालची जमीनच सरकते. ताईमहाराजांच्या अर्जाचा रोख नेमका तिथे होता. दत्तकाचा वाद लढायच्या आधी, तो लढण्याचा टिळकांचा अधिकारच काढून घ्यायचा.

जिल्हा न्यायाधीश आस्टन यांनी ३ एप्रिल १९०२ रोजी प्रोबेट रद्द केले. १८८१ च्या प्रोबेट कायद्यात, परिस्थितीमुळे निरुपयोगी आणि निष्प्रभ झालेले प्रोबेट मागे घेण्याची तरतूद होती. तिचा आधार या निर्णयाला होता. ते इथेच थांबले नाहीत. टिळकांवर बनावट कागद, विश्वासघात, खोटी साक्ष अशा आरोपांखाली फौजदारी खटला चालावा, असा आदेशही त्यांनी दिला.

हायकोर्टाने १९०२ मध्येच प्रोबेटचा निर्णय फिरवला. बाळ गंगाधर टिळक विरुद्ध सकवारबाई या निकालात या तरतुदीचा अर्थ मर्यादित करण्यात आला. नंतरचे मृत्युपत्र सापडले, आधीचे बनावट निघाले किंवा मृत समजलेली व्यक्ती जिवंत असल्याचे कळले, तर प्रोबेट निरुपयोगी ठरू शकते. म्हणजे आधी माहीत असते तर प्रोबेट दिलेच गेले नसते, अशी एखादी गोष्ट पुढे यायला हवी. विश्वस्तांशी पटत नाही, एवढ्यावरून ते काढून घेता येत नाही. अधिकार परत मिळाला, पण फौजदारी खटला थांबला नाही.

विश्वस्त आरोपी कसा झाला?

टिळकांनी औरंगाबादच्या दत्तविधानाबद्दल शपथेवर सांगितलेले खोटे आहे, हा मुख्य आरोप होता. मुलाला ताईमहाराजांच्या मांडीवर बसवले की नाही, यासारख्या तपशिलांवर उलटसुलट साक्षी झाल्या. २४ ऑगस्ट १९०३ रोजी मॅजिस्ट्रेट क्लेमेंट्स यांनी टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी आणि १००० रुपये दंड ठोठावला. जानेवारी १९०४ मध्ये सेशन्स न्यायाधीश लुकास यांनी शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला. टिळकांची रवानगी येरवड्याला झाली. काही दिवसांनी हायकोर्टातून जामीन मिळाला.

मार्च १९०४ मध्ये मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या खंडपीठाने टिळकांची निर्दोष मुक्तता केली. दंड परत करण्याचा आदेश झाला आणि उरलेले आरोपही सरकारने पुढे रेटले नाहीत. राजद्रोहाच्या शिक्षेने टिळकांची लोकप्रियता वाढली होती. इथे धोका वेगळा होता. एका विधवेच्या इस्टेटीत अफरातफर करणारा आणि शपथेवर खोटे बोलणारा माणूस, असा शिक्का बसला असता तर सार्वजनिक आयुष्यच संपले असते.

दिवाणी दाव्यात काय सिद्ध करायचे होते?

फौजदारी खटल्यातून सुटका झाली म्हणजे दत्तक सिद्ध झाले, असे नाही. त्यासाठी टिळक आणि सहकारी विश्वस्तांनी पुण्याच्या दिवाणी कोर्टात स्वतंत्र दावा केला होता. त्यात तीन गोष्टी दाखवायच्या होत्या. एक, मृत्युपत्राने विश्वस्तांना अधिकार दिला होता आणि तो अजून जिवंत आहे. दोन, औरंगाबादला मुलगा देण्याघेण्याचा विधी खरोखर झाला. तीन, ताईमहाराजांनी तो स्वखुशीने केला, त्यांच्यावर दबाव नव्हता. दुसरीकडे, कोल्हापूरच्या दत्तकाला विश्वस्तांची मृत्युपत्रात सांगितलेली संमती नव्हती, हाही मुद्दा होता. खटला सुरू असतानाच ताईमहाराजांचे निधन झाले. वाद मात्र थांबला नाही.

३१ जुलै १९०६ रोजी पुण्याच्या कोर्टाने टिळकांच्या बाजूने निकाल दिला. विरुद्ध पक्ष हायकोर्टात गेला. दरम्यान १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना मंडालेला पाठवले गेले. ते तिथे असताना, १९१० मध्ये हायकोर्टाने पुण्याचा निकाल उलटवला. टिळक आणि खापर्डे यांची साक्ष विश्वासार्ह मानली गेली नाही. दत्तक झालेच नाही आणि झाल्याचा देखावा उभा केला गेला, असा त्या निकालाचा अर्थ होता. मंडालेच्या कोठडीत बसलेल्या विश्वस्ताला हा घाव सोसावा लागला. उरला होता एकच दरवाजा, लंडनचे प्रिव्ही कौन्सिल.

प्रिव्ही कौन्सिलने कोणती चूक दाखवली?

जून १९१४ मध्ये टिळक सुटून पुण्याला आले. २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने लॉर्ड शॉ यांच्यामार्फत निकाल दिला. हायकोर्टाचा निकाल रद्द झाला आणि पुण्याच्या कोर्टाचा निकाल पुन्हा कायम झाला. जगन्नाथ यांचे दत्तक वैध ठरले.

निकालाचा सर्वात महत्त्वाचा भाग पुराव्याबद्दल होता. आधीच्या कार्यवाहीतील साक्षींचे गठ्ठेच्या गठ्ठे दिवाणी दाव्यात दाखल झाले होते. त्यांतील विसंगती शोधून साक्षीदारांना खोटे ठरवण्यात आले. पण त्या विसंगती साक्षीदारांसमोर ठेवून खुलासा मागितला गेला नव्हता. हे चुकीचे आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले. साक्षीदार पिंजऱ्यात उभा असताना त्याचे आधीचे विधान त्याला दाखवा, विरोध कुठे आहे ते सांगा आणि उत्तर द्यायची संधी द्या. त्यानंतरच त्याला खोटे म्हणा. सचोटीच्या माणसांनी मिळून कट केला, असा निष्कर्ष अशा पायावर काढता येत नाही.

हा नियम भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १४५ मध्ये होताच. बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित या निकालाने तो ठळक केला. वकील आजही उलटतपासणीच्या वादात हा निकाल पुढे करतात.

निकालानंतर वाद मिटला का?

पूर्णपणे नाही. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल ब्रिटिश हिंदुस्थानात लागू होता. संस्थानी कोर्टांना तो आपोआप बंधनकारक नव्हता. त्यामुळे कोल्हापूर संस्थानातील मालमत्तेचा प्रश्न लोंबकळत राहिला.

बदनामीही पाठ सोडायला तयार नव्हती. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकाराने १९१० च्या आपल्या पुस्तकात टिळकांवर जे आरोप केले, त्यांत ताईमहाराज प्रकरणही होते. टिळकांनी लंडनमध्ये बदनामीचा दावा केला. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल हाती असूनही, फेब्रुवारी १९१९ मध्ये ज्युरीने चिरोल यांच्या बाजूने कौल दिला. या खटल्याच्या खर्चाने टिळक कर्जात बुडाले आणि लोकांना वर्गणी काढावी लागली.

जुलै १९२० मध्ये टिळक मुंबईला आले ते याच इस्टेटीच्या कोर्टकामासाठी. मुक्काम सरदारगृहात होता. तिथेच ताप वाढला. अंथरुणावर असताना निकाल आपल्या बाजूने लागल्याची बातमी त्यांना मिळाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ ऑगस्ट १९२० च्या पहाटेपूर्वी त्यांचे निधन झाले. मित्राला मृत्यूशय्येवर दिलेला शब्द २३ वर्षांनी पुरा झाला होता.

टिळकांनी पद सोडून का दिले नाही?

राजकारणात गुंतलेल्या माणसासाठी राजीनामा हा सोपा मार्ग वाटतो. पण एकदा काम स्वीकारलेल्या विश्वस्ताला मनात आले म्हणून अंग काढून घेता येत नाही. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्यातही तीच भूमिका आहे. शिवाय टिळक बाजूला झाले असते तर अल्पवयीन जगन्नाथ यांच्या हक्कासाठी कोर्टात उभे राहणारे बळच कमी झाले असते. विश्वस्ताचा अधिकार हा त्याचा स्वतःचा फायदा नसतो. ज्याच्यासाठी तो दिला आहे, त्याच्या वतीने तो वापरायचा असतो. म्हणून तो सोडण्याचेही स्वातंत्र्य मर्यादित असते.

आजच्या विश्वस्तांसाठी यात काय आहे?

महाराष्ट्रात देवस्थाने, शिक्षण संस्था आणि मंडळांचे हजारो विश्वस्त आहेत. कोर्टात गेल्यावर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो, जो ताईमहाराज प्रकरणात उभा राहिला : तुम्हाला हा दावा करण्याचा अधिकार कुणी दिला? त्याचे उत्तर प्रतिष्ठेने नव्हे, कागदाने द्यावे लागते.

१. अधिकाराचा मूळ कागद : खासगी न्यासासाठी न्यासपत्र किंवा मृत्युपत्र. सार्वजनिक न्यासासाठी घटना किंवा योजना आणि त्याबरोबर धर्मादाय आयुक्त कार्यालयातील नोंदवहीचा उतारा, म्हणजे परिशिष्ट एक.

२. नोंद अद्ययावत हवी : विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. उताऱ्यावर जुनीच नावे असतील, तर नव्या विश्वस्ताच्या अधिकारावर बोट ठेवले जाते.

३. सगळे मिळून : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३१ नुसार विश्वस्त लाभार्थींच्या वतीने दावा लढवू शकतो, प्रत्येक लाभार्थीला पक्षकार करावे लागत नाही. पण विश्वस्त एकापेक्षा जास्त असतील तर सर्वांना पक्षकार करावे लागते. एखादा तयार नसेल, तर त्याला प्रतिवादी करून दाव्यात आणण्याची पद्धत आहे.

४. ठराव : एका विश्वस्ताने सही आणि साक्ष करायची असेल, तर तसा लेखी ठराव आणि अधिकारपत्र हवे. सभेची सूचना, उपस्थिती आणि इतिवृत्त जपून ठेवावे.

५. घडले ते तेव्हाच नोंदवा : औरंगाबादच्या एका सकाळी काय झाले, यावर पुढे १४ वर्षे चार पायऱ्यांच्या कोर्टांनी वाद ऐकला. महत्त्वाच्या निर्णयाच्या वेळी निःपक्ष साक्षीदार आणि सर्व संबंधितांच्या सह्या असतील, तर पुढचा मोठा खर्च आणि मनस्ताप वाचतो.

टिळकांकडे कायद्याची पदवी होती, खापर्डे नावाजलेले वकील होते, मृत्युपत्र आणि प्रोबेट दोन्ही हाती होते. तरीही त्यांना प्रत्येक पायरीवर सगळे पुन्हा सिद्ध करावे लागले. लोकांनी दिलेली लोकमान्य ही पदवी त्या पिंजऱ्यात उपयोगी पडली नाही. उपयोगी पडला तो कागद, आणि तो घेऊन शेवटपर्यंत उभे राहण्याची तयारी.